गाठ मागच्या बाजूला

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत असताना दोन वर्षं मी रक्त काढायचं काम केलं. कागदावर, काळ्या शाईने. शिकायला गेलो होतो भूशास्त्र. पण या मुलाचा हात बरा आहे असं कुणीतरी मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना सांगितलं आणि त्यांनी मला आपल्या विभागाच्या तळघरात एक टेबल, एक दिवा आणि बारीक निबांचा एक डबा दिला. बाईंचं अर्धं आयुष्य मध्य अमेरिकेतल्या जंगलात, प्राचीन माया लोकांच्या पडक्या देवळांत गेलं होतं. तिथल्या कोरीव दगडांचे फोटो त्या आणायच्या आणि मी त्यांवरून शाईची चित्रं करायचो. रेषेपेक्षा टिंबांचं काम जास्त. दगड खोल कोरलेला असेल तिथे टिंबं दाट, उथळ असेल तिथे विरळ. एका मनगटाला दोन-दोन दिवस लागायचे.

मी घरी पत्रात लिहिलं की माया लोकांची चित्रं काढतो. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. बहिणीने वाचून दाखवलं. उलटपत्री आईने विचारलं, "फार मायाळू असतात का रे ते लोक?" त्या दिवशी माझ्या टेबलावर जिभेला भोक पाडून त्यातून काटेरी दोर ओढणारी राणी होती. मी उत्तरात लिहिलं, असतात.

त्यांचा धर्म थोडक्यात असा. देवांनी मक्याच्या पिठात स्वतःचं रक्त घालून माणूस घडवला. आता देव उपाशी राहिले तर सूर्य उगवणार नाही आणि मका पिकणार नाही, म्हणून माणसाने देवांना रक्त पाजायचं. बरं, ते कोंबड्या-बकऱ्यांवर भागवायचं नाही. राणीने जीभ द्यायची. राजाने माशाचा धारदार काटा जिभेहून नाजूक जागी खुपसायचा. ते रक्त कागदाच्या पट्ट्यांवर गाळायचं, पट्ट्या जाळायच्या, आणि त्या धुरातून एक साप उठायचा. त्याच्या जबड्यातून मेलेला पूर्वज डोकं बाहेर काढून बोलायचा.

आधीच्या पिढीतले विद्वान या लोकांना शांत, ताऱ्यांकडे बघत बसणारे पंचांगकर्ते समजायचे. मी तिथे होतो त्या वर्षांत त्यांची लिपी भराभर उलगडत होती आणि सगळीकडून रक्तच निघत होतं. विभागातली पोरं हरखून गेली होती. कागदाने बोट कापलं तरी ज्यांना चिकटपट्टी लागायची, ती कॉफी पिता पिता शिरच्छेदाच्या पद्धतींवर वाद घालायची. मला त्यांचा राग यायचा. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. आबा म्हणायचे, हे तुझ्या आज्याचं.

आबा म्हणजे माझे वडील. ते पोतराज होते. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

माझ्या आजीची पहिली तीन मुलं पटकीने गेली, तेव्हा चौथं तिने मरीआईला वाहिलं. ते आबा. केस कधी कापायचे नाहीत, कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, पायांत चाळ, हातात कोरडा. कोरडा म्हणजे पिळाचा जाड चाबूक. तो हवेत फुटतो तेव्हा कानठळ्या बसतात आणि पाठीवर फुटतो तेव्हा आवाज जरा ओला येतो. आषाढात गावात आजार शिरला की आबांना बोलावणं यायचं. ते स्वतःला कोरड्याने फोडायचे आणि मग दंडाला सुताची दोरी आवळून बांधायचे. दोरीचं एक टोक दातांत आणि दुसरं मोकळ्या हातात, त्यामुळे गाठ नेहमी पुढच्या बाजूला, तोंडाजवळ यायची. हाताच्या शिरा फुगल्या की दाभण घेऊन टोचायचे. रक्त आलं की देवी पावली. त्यांच्या डाव्या दंडावर ठिपक्यांच्या रांगा होत्या आणि पाठीवर आडव्या रेघा. माया लोक आकडे लिहिताना एकासाठी टिंब आणि पाचासाठी आडवी रेघ काढतात. हे बाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं तेव्हा माझा हात थोडा थांबला होता, एवढंच.

मी सहा-सात वर्षांचा असताना आबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आले ते डोक्याचा चकोट करून. घागरा, चाळ, कोरडा आणि दाभण सगळं एका गाठोड्यात बांधून त्यांनी ओढ्याच्या डोहात फेकलं. आईने त्या दिवशी गोड केलं होतं. पुढच्या आषाढात गावात दोन लेकरं दगावली आणि गाव आमच्या दारात आलं.

पाच जण होते. त्यांतला एक जण आबांना रोज तंबाखू द्यायचा. आबा म्हणाले, मी आता ते करत नाही. त्यांनी आबांना केस नव्हते म्हणून कानाला धरून ओढत मरीआईच्या दगडापुढे नेलं. कोरडा नव्हता, तर बैलगाडीचा नाडा भिजवून आणला. पाठ संपल्यावर ते पोटऱ्यांवर आले. मग एकाने दोरी काढली. आबा गुडघ्यांवर, दोघांनी खांदे दाबलेले, तिसऱ्याने मागून दंडाला दोरी आवळली आणि गाठ मारली. मागच्या बाजूला. दाभण आमच्याच शेजारच्या चांभाराच्या घरातून आणलं होतं. रक्त लगेच आलं, पण ते थांबले नाहीत. ज्या हाताने तू देवीचा कोरडा बुडवलास तो हात कुठला, असं विचारून त्यांनी आबांच्या उजव्या हाताची बोटं एका दगडावर ठेवली आणि दुसरा दगड घातला. पहिल्या घावाला आबा ओरडले. दुसऱ्याला नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी आईच्या लुगड्याला धरून उभा होतो आणि मला सगळं दिसत होतं. गाठ मारणाऱ्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, तेही दिसत होतं.

आठवड्याच्या आत आम्ही गाव सोडून औरंगाबादला आलो. एका वसतिगृहावर आबांना पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. उजव्या हाताची तीन बोटं कधीच वळली नाहीत. ते डाव्या हाताने सही करायला शिकले, पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागले आणि शहरात कुणालाच कळलं नाही ते पूर्वी कोण होते. मी अमेरिकेला निघालो तेव्हा स्टेशनवर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तिकडं बाकी काय बी सांग," ते म्हणाले. "आपण कोण, आपली जात कंची, समदं ताठ मानेनं सांग. पण म्या पोतराज व्हतो ते सांगू नगंस. तेवढं एक माझ्या अंगावरनं उतारलंय. पुन्यांदा चढवू नगंस."

मी शब्द दिला. पाळलाही. माझ्यासोबत अपार्टमेंटमध्ये पुण्याचा एक मुलगा राहायचा, इंजिनिअरिंगचा. मनाने चांगला, पण तोंडाला फाटक नाही. एकदा पाहुणे आले असताना त्याने कमरेला टॉवेल गुंडाळला, पट्टा काढला आणि हॉलभर उड्या मारत पोतराजाची नक्कल करून दाखवली. सगळे हसून हसून लोळले. मीही हसलो. तो शब्द मी असा पाळत होतो.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात बाईंनी एका कैद्याचा दगड मला दिला आणि त्या स्वतः जंगलात निघून गेल्या. राजे-राण्यांचं रक्त त्यांच्या मर्जीचं असे. कैद्यांचं तसं नव्हतं. लढाईत धरलेला माणूस उघडा करायचे, कानांतले दागिने काढून तिथे कागदाच्या पट्ट्या ओवायचे, केसांना धरून पायऱ्यांवर बसवायचे, नखं उपटायचे, कित्येक दिवस रक्त गाळत ठेवायचे आणि शेवटी डोकं. या दगडावरचा कैदी गुडघ्यांवर होता. वर एक हात त्याचे केस धरून होता, पण त्या हाताचा मालक तुटून गेला होता. कैद्याचा डावा दंडही फुटलेला. बाईंचा नियम कडक होता. दगडात आहे तेवढंच काढायचं. फुटलं असेल तिथे तुटक रेघ द्यायची आणि आत कोरं ठेवायचं. मनचं टिंब एकसुद्धा घातलं तर चित्र फुकट.

तो कैदी मी तीन आठवडे काढला. दुपारी वर्ग संपला की तळघरात जायचो आणि बस चुकेल इतका वेळ बसायचो. चेहरा झाला, छाती झाली, बोटं झाली. बोटांतून थेंब पडत होते. ते दगडातच होते, मी घातले नव्हते. चित्र पूर्ण झालं तेव्हा मी खूश होतो. त्या फुटक्या जागी मी अख्खा दंड आणि त्यावर दोरी काढली आहे, पिळासकट आणि गाठीसकट, हे माझ्या लक्षातही आलं नाही. माझ्या हाताने तिथे कोरं काही पाहिलंच नव्हतं.

माझ्या टेबलावरून त्या चित्राची झेरॉक्स उचलली ती ओहायोहून आलेल्या एका विद्यार्थ्याने. तो बाईंकडे पीएचडी करत होता. सांगायला हवं की तो माझा मित्र होता. पहिल्या बर्फात मी तीनदा पडलो तेव्हा कसं चालायचं ते त्यानेच शिकवलं होतं, आणि आपला जुना कोट मला देताना तो असा दिला होता की घेताना मला लाज वाटू नये. दर गुरुवारी दुपारी विभागात कुणीतरी निबंध वाचायचं. बाई परत आल्या त्या गुरुवारी त्याची पाळी होती.

त्याने माझं चित्र भिंतीवर लावलं आणि सांगू लागला. कैद्याला आपण बिचारा समजतो ही आपली आधुनिक चूक आहे. कैदी आणि राजा एकाच धर्माचे, एकाच देवांचे. आपलं रक्त कशासाठी जातंय ते कैद्याला ठाऊक होतं. तोही त्या विधीतला भागीदार होता. खाली झुकलेली मान म्हणजे अपमान नाही, स्वीकार आहे. आणि मग त्याने पट्टीचं टोक दंडावर टेकवलं. "ही दोरी बघा. हिचा उल्लेख आजवर कुणी केलेला नाही. रक्त यावं म्हणून त्याने स्वतःचा हात तयार केला आहे. यापेक्षा स्पष्ट संमती कोणती?"

तेव्हा मला ती दोरी पहिल्यांदा दिसली. मी तिथेच उठून सांगायला हवं होतं की दोरी चुकीची आहे, माझी आहे, खोडून टाका. एवढं सांगितलं असतं तर कुणी आणखी काही विचारलंही नसतं. पण संमती हा शब्द माझ्या डोक्यात गेला होता.

"गाठ मागे आहे," मी म्हणालो.

"मग?"

"स्वतःच्या दंडाला बांधली तर गाठ मागे येत नाही."

तो हसला. वाईट हसला नाही, नेहमीसारखाच हसला. "का नाही येणार?"

"बांधून बघ."

पार्सलची सुतळी कपाटात होती. त्याने बाही वर केली, एक टोक दातांत धरलं, आवळली. गाठ पुढे आली. पोरं हसली. त्याने गाठ दंडाभोवती फिरवून मागे न्यायचा प्रयत्न केला, पण आवळलेली दोरी फिरत नाही. "बरं," तो म्हणाला, "तू बांध."

मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. दोन वेढे घेतले, ओढले आणि गाठ मारली. तो म्हणाला, ओके, पटलं. मी सोडलं नाही. सुतळी मांसात रुतली, हात आधी लाल आणि मग जांभळा झाला, कोपराच्या आतली शीर दोरासारखी वर आली. तो म्हणाला, "ए, सोड ना, दुखतंय." मी त्याचा दुसरा हात पाठीमागे पिरगाळला आणि गुडघा त्याच्या पाठीत घातला. तो टेबलावर उपडा पडला. माझ्या खिशात कर्कटक होतं. ते मी त्या शिरेत खुपसलं. एकदा नाही. तो माझं नाव घेऊन किंचाळत होता आणि मी त्याच्या कानाशी मराठीत विचारत होतो, "स्वीकार? स्वीकार का रे? सांग, स्वीकार?" रक्त टेबलाच्या कडेने वाहत जाऊन त्याच्या निबंधाच्या कागदांवर पडलं. मला त्या क्षणी बरं वाटत होतं. हे खोटं कशाला सांगू? इतकं बरं मला त्या देशात कधीच वाटलं नव्हतं.

बाईंनी माझे केस मुठीत धरून मला मागे ओढलं. माझं डोकं भिंतीवर आपटलं. कुणीतरी कात्रीने सुतळी कापली. तो तोंडाला बाही लावून रडत होता आणि त्याला दोघं जण दवाखान्यात घेऊन गेले. खोली रिकामी झाली तेव्हा बाई त्या चित्रापुढे उभ्या होत्या.

"या दगडासमोर मी अख्खा एक हंगाम बसले आहे," त्या म्हणाल्या. "तिथे दोरी नाही. तिथे दंडच नाही. तू कधी मनचं टिंब घालत नाहीस. ही दोरी कुठून आणलीस?"

मी म्हणालो, "माझ्या वडिलांच्या हातावरून." आणि मग सगळं सांगितलं. घागरा, दाभण, ओढा, पाच जण, दगड. दारात उभी राहून आणखी दोन-तीन पोरं ऐकत होती, तरी मी थांबलो नाही. सांगून झाल्यावर बाईंनी माझं वाहतं नाक पुसायला कागद दिला आणि म्हणाल्या, दोरी खरवडून काढ. नंतर म्हणाल्या, घरी जा.

त्या मुलाने दवाखान्यात सांगितलं की हातातून कर्कटक निसटलं. त्याने कुणाकडेही तक्रार केली नाही. हे मला पुण्याच्या मुलाकडून कळलं, कारण संध्याकाळपर्यंत सगळ्या देशी मंडळींत बातमी पोचली होती.

"अरे यार, वेड लागलंय का तुला?" तो दारातच सुरू झाला. "त्याने कंप्लेंट केली असती तर व्हिसा कॅन्सल झाला असता तुझा. डिपोर्ट केलं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि ते दुसरं... तुझ्या वडिलांचं... ते खरं आहे?"

"हो."

तो सोफ्यावर बसला. टॉवेलची नक्कल त्याला आठवली असणार, कारण तो बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "सॉरी," तो म्हणाला. मला त्याच्यावर राग काढायचा होता, पण राग शिल्लकच नव्हता.

शुक्रवारी मी ब्लेडने तो दंड आणि दोरी खरवडली. शाई एकेका टिंबाने निघते. दुपार गेली. गाठ शेवटी काढली आणि तिच्या जागी तुटक रेघ दिली.

रविवारी सकाळी मी औरंगाबादला फोन लावला. आमच्या घरी फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात होता, आणि आबांना बोलावून आणेपर्यंत मला दुकानातले आवाज ऐकू येत होते. कुणीतरी गूळ मागत होतं. आबांना घाबरून घाम फुटला असणार, कारण परदेशातून फोन म्हणजे वाईट बातमीच.

मी आधी तेच सांगितलं. आबा, मी शब्द मोडला. सगळ्यांना सांगितलं.

पलीकडे थोडी खरखर झाली. "सांगितलंस तर सांगितलंस," आबा म्हणाले. "कवा ना कवा निघणारच व्हतं. रडतुस कशापायी?"

मला हायसं वाटलं. एवढ्यावर फोन ठेवला असता तर बरं झालं असतं. पण मी बाकीचंही सांगितलं. कैदी, चित्र, मित्र, सुतळी, कर्कटक. सांगताना माझा आवाज चढला. मला वाटत होतं मी त्यांच्या बाजूने लढून आलोय आणि ते आता काहीतरी चांगलं बोलतील.

"त्यानं तुझं काय वाकडं केलं व्हतं?" आबांनी विचारलं.

"काही नाही. पण तो म्हणाला—"

"आन तू टोचलंस."

"हो."

"गाठ कुठल्या अंगाला मारलीस?"

मी म्हणालो, "मागल्या."

मग त्यांचा आवाज आला, दमलेल्या माणसाचा येतो तसा.

"त्या दिशी मला वाटलं व्हतं, तू माझ्याकडं बघतुयास," ते म्हणाले. "त्येच्या जोरावर म्या निभावलं. तू त्यांच्या हाताकडं बघत व्हतास व्हय रं?"